दुसरी बशी

दादा,

१. अठ्ठावीस दिवसांपूर्वी मी प्रयोगशाळेत डाळिंबाच्या सालीचा अर्क काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला.
२. तिसऱ्या दिवशी बहुतेक पेशी मेल्या होत्या. मी त्याचा फोटो बाबांना दाखवला.
३. बाबांनी केमोला जाणं बंद केलं.

आता ते रोज सकाळी सालींचा काढा पितात, तोंड वेडंवाकडं करतात आणि शेजाऱ्यांना सांगतात, "डॉक्टर गेले उडत! औषध माझ्या पोरीनं शोधलंय." साली मीच उकळून देते.

परवा म्हटलं, "बाबा, बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा."

"अगदी आईवर गेलीस. स्वतःचं कौतुक सोसवत नाही," म्हणाले आणि पेला पुढे केला.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. अर्क अल्कोहोलमध्ये काढला होता. नुसतं अल्कोहोल टाकलेली दुसरी बशी मी फोटो दाखवल्यानंतर तपासली. तिच्यातल्या पेशीही तितक्याच मेल्या होत्या. म्हणजे डाळिंबानं काही केलं, याला माझ्याकडे पुरावाच नाही. हे सांगायला रोज तोंड उघडते आणि "साखर घालू का?" एवढंच विचारते. आजार कळल्यापासून ते आत्ता कुठे हसायला लागलेत.

याआधी तुला लिहिलेली दोन पत्रं माझ्या प्रयोगवहीतच पडून आहेत.

केमोची पुढची तारीख शुक्रवारची आहे. मी त्यांना सांगेन, पण तेव्हा तू शेजारी हवास. येतोस की नाही, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळव.

तुझी,
धाकटी