तेरावं घर

कॅराकेट,
रविवार, २२ मे १९८८

प्रिय झेर्मेनताई,

तुला आणि भावोजींना सप्रेम सलाम. मॉन्ट्रियलला आता उकडायला लागलं असेल. इथे आमच्या अंगावरचा स्वेटर अजून उतरलेला नाही. लॉबस्टर यंदा बरा मिळतोय. शेजारच्या अल्फोन्सकाकांनी चार पाठवले, त्यातले तीन एकट्या बाबांनी फस्त केले. पाय मात्र गेलेच. खुर्ची ते खिडकी, बस. आणि डॉक्टर म्हणतात, हृदयाचा भरवसा नाही.

दर रविवारी देवळातली मिस्सा झाली की मी डबीत कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन आजाऱ्यांकडे जाते, हे तुला ठाऊक आहे. तेरा घरं. बारा घरी लोक वाट बघत बसलेले असतात. तेराव्या घरी, म्हणजे आपल्याच घरी, बाबा तोंड फिरवतात. "मी फादरांच्याच हातून घेईन." की मी त्यांच्या वाटणीचं परत देवळात नेऊन ठेवायचं.

फादर थेरिओ महिन्यातून एकदा यायचे, तोवर निभलं. पण मार्चमध्ये बर्फावर घसरून त्यांचा पाय मोडला. ईस्टरच्या पन्नास दिवसांत एकदा तरी कम्युनियन घ्यायलाच हवं, आणि ते दिवस आज संपत होते. बाबा आठवडाभर धड झोपले नाहीत, पण हट्ट सोडेनात. ताई, मी फार घाबरले होते. हे असेच गेले तर?

मागच्या पत्रात मी लिहिलं, ते जुन्या वळणाचे आहेत म्हणून माझ्या हातून घेत नाहीत. खोटं लिहिलं. गुरुवारी ते मला स्पष्टच म्हणाले, "देवाला दिलेला शब्द जिनं मोडला, तिच्या हातून देव घेऊ?" मी मठ सोडून आले त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही.

मी जाऊन फादरांपाशी रडले. आज ते अल्फोन्सकाकांच्या मासळीच्या ट्रकमधून, प्लास्टरचा पाय सांभाळत, घरी हजर.

बाबांचा चेहरा खुलला. "आलात ना? आता तुम्हीच द्या."

"मी कसला देतोय, एदगार? मीही आजारीच. हिच्या यादीतला चौदावा. ये गं, आधी मला दे."

मी दिलं.

बाबा म्हणाले, "ती मठातून पळून आलीय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण पळून आली कुठे? तुझ्याच दारात ना?"

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. जेवतानाही न निघणारी ती टोपी! तोंड उघडलं. मी "ख्रिस्ताचं शरीर" म्हटलं, आणि ते "आमेन" म्हणाले, होडीतून किनाऱ्याला हाक मारावी इतक्या मोठ्यानं.

मी रडले. फादरही रडले, पाय दुखतोय असं सांगून. तेवढ्यात अल्फोन्सकाकांनी दारातून डोकावून विचारलं, "काय एदगार, मिळालं का एकदाचं फादरांच्या हातचं?"

बाबा वसकन म्हणाले, "फादर नुसते बसले होते. मला माझ्या ओडेटनं दिलं."

जिंकले गं मी, ताई.

तुझी धाकटी बहीण,
आणि आजपासून पुन्हा बाबांची लेक,
ओडेट