गोल मित्र, त्रिकोण शत्रू

बाबा, मी आत्ता तुमच्या नातवाच्या विमानात बसून लिहिते आहे. दचकू नका, विमान जयपुरातच, विद्याधर नगरच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत आहे आणि ते जमिनीवरून तसूभरही हललेलं नाही. एका जुन्या मोटारीची सीट आहे, पुढे मोठा पडदा, उजव्या हाताशी विमान वळवायचा दांडा, डाव्या हाताशी वेगाचा, आणि गुडघ्यांच्या वर प्लायवुडच्या चौकटीत बसवलेले तीन टॅबलेट. टॅबलेट म्हणजे पाटीएवढा पडदा, त्यावर बोट ठेवलं की काम होतं. तुमच्या काळी हे नव्हतं, म्हणून सांगितलं. खऱ्या लढाऊ विमानात वैमानिकासमोर असेच पडदे असतात म्हणे. डाव्या पडद्यावर शस्त्रं, मधल्यावर रडार, उजव्यावर नकाशा आणि इंजिन. कॉम्प्युटरवरच्या खेळातून ती चित्रं वायरीने इथे येतात. आधी तो ती बिनवायरीने आणत होता, पण बोट लावल्यावर चित्र जरा मागाहून हलायचं, आणि तेवढ्या वेळात आपलं विमान पडतं, असं त्याचं म्हणणं.

टॅबलेट मीच आणले. सीतापुऱ्याला ज्या कपड्यांच्या कारखान्यात मी काम करते तिथे शिलाईच्या ओळींवर नोंदी ठेवायला ते होते. त्यांच्या बॅटऱ्या टिकेनात, तेव्हा ज्याला हवे त्याने न्यावेत, असं झालं. मी पिशवीत घालून बसने घरी आणले. वाटलं, पोरगं खूश होईल. झालंही. सुताराकडून चौकट करून घेतली, टॅबलेट कायम वायरीला लावून ठेवले, आणि मग त्या खोलीतून तो जवळजवळ बाहेर आलाच नाही. जेवायला यायचा, पण ताटावरही डोळे कुठे तरी ढगात. हे म्हणायचे, "तू आणलेस, आता तूच उठव त्याला." मी काय उठवणार होते, कप्पाळ.

तो तिथे का बसला हे तुम्हाला सांगायला हवं, कारण त्यात तुम्ही आहात. त्याला लढाऊ विमान चालवायचं होतं. लहानपणापासून तेच एक. लेखी परीक्षा झाली, मुलाखती झाल्या, धावणं-उड्या सगळं झालं, आणि शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते पुस्तक पुढे ठेवलं. ठिपक्याठिपक्यांचं, ज्यात आकडे लपलेले असतात. त्याला आकडे दिसले नाहीत. लाल आणि हिरवा त्याला वेगवेगळे कळत नाहीत, हे आम्हाला तेव्हा समजलं. शाळेत त्याने गवत तपकिरी रंगवलं होतं, तर आम्हाला त्यात काही वाटलं नाही. राजस्थानात गवत तपकिरीच असतं. इथल्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, की हे कुठून आलं. ते अगदी सहज म्हणाले, "ये तो नाना से आता है जी, माँ के रास्ते." माझ्या तोंडचं पाणी पळालं. खाण तशी माती म्हणतात, पण इथे खाण तुम्ही, माती तो, आणि मधली टोपली मी.

आईने मला पुढे एकदा सांगितलं, की तुम्हालाही असंच पुस्तक दाखवलं होतं, नागपूरला. तुम्हाला ड्रायव्हर होऊन इंजिनावर जायचं होतं. ठिपक्यांत जे नव्हते ते आकडे तुम्ही खणखणीत आवाजात वाचून दाखवलेत. मग रेल्वेने तुम्हाला पार्सल ऑफिसात बसवलं आणि पुढे बदली होऊन आपण जयपूरला आलो. घरात याबद्दल कोणी बोलत नसे. फक्त टोमॅटो तुम्ही दाबून घेत होता आणि आंबा हुंगून, एवढंच. मला शाळेत जायच्या आधी तुमचे मोजे जोडून ठेवायचे असत. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाबाले शर्ट काढून दे वं," आणि मी कपाटापुढे उभी राहून रंग निवडायचे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी मुली हे काम करतात.

पार्सल ऑफिस मला आत्ता दिसतं आहे. ज्यूटचा आणि पिकलेल्या पेरूंचा वास. दिल्लीकडे जायच्या नगांवर हिरव्या खडूची रेघ, अहमदाबादकडच्यांवर लाल. मी सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन येते, आणि तुम्ही कोणाला दिसणार नाही असं हळूच मला त्या ढिगाकडे घेऊन जाता. मी पुटपुटते, दिल्ली, दिल्ली, अहमदाबाद. पुढे तुम्ही हमालांना सांगितलंत, की रेघा पावसाने पुसतात, त्यापेक्षा दिल्लीला गोल काढा आणि अहमदाबादला फुली. पावसाचं कारण सगळ्यांना पटलं. जयपुरात असा कितीसा पाऊस पडतो हे कोणी विचारलं नाही. त्यानंतर माझी तिथली नोकरी सुटली.

तुम्ही मला एकदाच रागावलात. आपण फलाटाच्या टोकाला उभे होतो, जिथे इंजिन येऊन थांबतं. संध्याकाळी काम संपल्यावर तुम्ही तिथे जाऊन उभे राहत होता, उगीच. ड्रायव्हरकाका ओळखीचे होते, खिडकीतून तुमच्याशी बोलत होते. सिग्नल बदलला आणि मी सवयीने म्हणाले, "बाबा, हिरवा झाला." तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात की बोटं दुखली. गाडी गेल्यावर म्हणालात, "काय सांगून राहिली तू मले? लोकायसमोर रंग सांगायचे नाहीत. मले समजते सगळं." रात्री जेवताना मला स्वतःच्या ताटातली पुरणपोळी दिलीत.

आणि चुडा. लग्नाला हिरवा चुडा हवा, म्हणून आई काचेच्या बांगड्या नागपूरहून मागवणार होती, तर तुम्ही म्हणालात, जयपूरसारख्या लाखेच्या बांगड्या कुठे मिळतात, मी आणतो. एकटेच गेलात. मला बरोबर घेतलं नाहीत, दुकानदाराला रंग विचारणं तुमच्याच्याने होणार नव्हतं, स्वतःच्या हाताने निवडून घेऊन आलात. डबा उघडला तर आत कथ्थई बांगड्या. अगदी कातासारख्या. खडे मात्र काय सुरेख बसवलेले. आईने तोंडाला पदर लावला. मी हातात भरल्या, हात वर करून तुम्हाला दाखवला आणि म्हणाले, "काय सुंदर हिरव्या आहेत, बाबा." तुमचा चेहरा असा उजळला, की मी लग्नात त्याच घातल्या. नागपूरच्या मावश्या कुजबुजल्या, आईने सांगितलं, जयपूरची पद्धत आहे. पुढे फार दिवस तुम्ही राहिला नाहीत. तुमचा नातू तेव्हा पाळण्यात होता. बांगड्या अजून आहेत.

मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊक नाही. मी रंग जुळवते. ठरलेल्या रंगाचा तुकडा आणि रंगून आलेला तागा दिव्याखाली शेजारी ठेवून सांगायचं, जुळला की नाही. दुसऱ्यांना एकच दिसणाऱ्या दोन गुलाबींमधला फरक मला दिसतो. मास्टरजी म्हणतात, "मॅडम की आँख से कुछ नहीं छूटता." एवढे डोळे घेऊन मी घरी येते आणि त्यातला एक रंगसुद्धा पोराला देता येत नाही. रक्त देता येतं, मूत्रपिंड देता येतं, हे नाही. या गोष्टीवर मी बसमध्ये पुष्कळदा रडले आहे, शेजारच्या बाईला डोळ्यात धूळ गेली असं सांगून.

हिवाळ्यात एक गोष्ट घडली. या खेळात गावोगावची मुलं एकत्र उडतात, दोन बाजू करून लढतात. रडारवर आपले हिरवे, शत्रू लाल. एका रविवारी त्याने आपल्याच साथीदाराला पाडलं. कानात इअरफोन होते, तरी पलीकडच्या पोरांचं हसणं मला दारापर्यंत ऐकू आलं. त्याने इअरफोन काढून नीट गुंडाळून ठेवले. मी धीर करून म्हणाले, "मी बसते ना शेजारी. मी सांगत जाईन लाल कुठला ते." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, प्लीज. मत बता. मला नाही पाहिजे." बाबा, माझी बोटं दुखली. खरंच दुखली.

मग महिनाभर खपून त्याने टॅबलेटवरची चित्रंच बदलली. खेळाच्या पोटात हात घालून हे करता येतं म्हणे. आता त्याच्या रडारवर मित्र गोल आणि शत्रू त्रिकोण. मला बोलावून दाखवलं. मी त्या गोलांकडे बघत उभी राहिले आणि मला ज्यूटचा वास आला. त्याला तुमच्या गोल-फुलीचं कोणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा सांगितलं. तो कितीतरी दिवसांनी हसला, म्हणाला, "नाना तो जुगाडू निकले." इथल्या पोरांसारखा तो तुम्हाला नाना म्हणतो. त्यानंतर त्याने एकही साथीदार पाडला नाही. पण हसून झाल्यावर म्हणाला, "असलीवाल्या विमानात हे नाही चालणार ना, आई. तिथे माझ्यासाठी कोण गोल काढेल." चहा आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले.

मागच्या आठवड्यात त्याला पुन्हा बोलावणं आलं, डेहराडूनला. हवाई दलातच, पण जमिनीवर. सामानाच्या विभागात. कुठल्या तळावर काय पाठवायचं, काय साठवायचं, ते बघायचं. त्या कामाला त्याचे डोळे चालतात. तो म्हणाला, जाणार नाही. यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग हात टेकले आणि मला म्हणाले, तू बोल. मला बोलायचंच नव्हतं. जा म्हणावं तर जन्मभर दुसऱ्यांची विमानं उडताना बघायला मीच पाठवल्यासारखं, नको म्हणावं तर हीच खोली, हीच मोटारीची सीट. मी भाजी निवडत बसले. माझ्या हातून दुसरं काही होत नव्हतं.

काल दुपारी मी पोह्यांची ताटली घेऊन आत गेले. कूलर घरघरत होता. तिन्ही टॅबलेट बंद होते आणि तो नुसताच बसला होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "आई, मतलब, नाना खूश होते का? पार्सलमध्ये?"

मला फलाटाचं टोक दिसलं. इंजिन निघून गेलेलं, आणि तुम्ही रुळांकडे बघत उभे. तुमचा चेहरा आठवायचा मी फार प्रयत्न केला, बाबा, पण मी तुमच्या कमरेएवढी होते, मला तुमचा शर्टच आठवतो. निळा, मीच काढून दिलेला.

"होते," मी म्हणाले. "खूप खूश होते."

"पक्का?"

"पक्का."

त्याने पोहे खाल्ले. मग उठला, कपाट उघडलं आणि त्यापुढे बराच वेळ उभा राहिला. दोन पँटी काढल्या आणि माझ्यासमोर धरून म्हणाला, "यातली ग्रे कुठली?" जन्मात पहिल्यांदा त्याने मला रंग विचारला. मी बोट दाखवलं. त्याने ती इस्त्री केली, आणि आज सकाळी डेहराडूनच्या बसने गेला. हे त्याला सोडायला गेले आहेत. मी धूळ पुसायला म्हणून इथे आले आणि बसले.

हे पत्र मी कुठे टाकणार, चौकटीच्या मागे वायरींत खोचून ठेवेन. पण एक सांगायचं राहिलं. तुम्ही खूश होता की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात, मी त्या बांगड्यांना हिरव्या म्हणाले तसंच. माझ्या एका ‘हो’वर तो निघाला आहे.