ब्रेक सुटल्यानंतरचं चाक

३ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. विषय एकच: ब्रेक लागल्यावर रेल्वेचं चाक किती तापेल आणि त्याला तडा जाईल का, हे आधीच सांगणारं माझं मॉडेल. महिनाअखेर रिपोर्ट. बढती जवळपास खिशात.

घरची आघाडीही शांत. सासूबाई गेल्या तेव्हा चाचणीच्या यंत्रावर, म्हणजे रिगवर, माझी छोट्या नमुन्याच्या चाकाची टेस्ट चालू होती, अंत्यविधी आटोपल्यावर पोचलो. त्यावरून बायकोने घर डोक्यावर घेतलं होतं. परवापासून मात्र चकार शब्द नाही. म्हणजे विषय संपला.

६ जून
मॉडेल झकास. ब्रेक लागला, कडा तापली, ब्रेक सुटला, तडा नाही. गणित मी तिथेच थांबवतो. पुढे नुसतं गार होणं, त्यात कॉम्प्युटरचा वेळ कशाला घालवा? बायकोला हे समजावून सांगितलं. एकदाही मध्ये बोलली नाही. तिला इंटरेस्ट येतोय. संकल्प: रविवारी तिला फिरायला न्यायचं.

९ जून, रविवार
फिरायला जमलं नाही. आकडे तपासायचे होते. ती म्हणाली, हरकत नाही. पूर्वी एवढ्यावरून रणकंदन झालं असतं. केवढी समजूतदार झालीये! कपाटही आवरायला काढलंय. तिचा कप्पा निम्मा रिकामा. मलाही पसारा आवडत नाहीच.

१३ जून, संध्याकाळ
टेस्ट-रिगवर आज खरं चाक चढवलं. ब्रेक लावला, कडा लाल झाली, ब्रेक सोडला. तडा नाही! सगळ्यांना चहा पाजला. बायकोला फोन केला. अभिनंदन म्हणाली. मग सांगितलं, तिच्या बहिणीच्या गावी शाळेत तिला नोकरी लागलीये. मी म्हटलं, वा. तात्पुरतीच असणार. किती दिवसांची, ते विचारायचं राहिलं.

१४ जून
चाकाला तडा. चांगला बोटभर. गार होताना कधीतरी गेला. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, गार होण्याचं गणित केलं होतंत का? मग कॉलेजातल्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. तापलेली कडा फुगायला बघते, बाकीचं चाक फुगू देत नाही, ती दबून राहते. तेव्हा काही दिसत नाही. गार झाली की आखडते, ओढ बसते, आणि मग तडा जातो.

हे मला माहीत होतं. वेळ वाचवत होतो, एवढंच. रिपोर्ट आता दुसरा कोणीतरी लिहिणार आहे. बढतीचं मी तरी कुठे मनावर घेतलं होतं.

१६ जून
बायको गेली. दोन बॅगा. भांडण नाही, रडारड नाही. मी म्हटलं, सगळं सुरळीत चाललं असताना हे काय मध्येच? दारात थांबली आणि म्हणाली, "आई शेवटी काय बोलली, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

मी म्हटलं, आल्यावर निवांत बोलू. टॅक्सी उभी होती.

चार दिवसांत येईल. संकल्प: तोवर घर लख्ख करून ठेवायचं.

२१ जून
घर आहे तसंच. ती आल्यावर दोघं मिळून आवरू. रिकाम्या कप्प्यात माझे शर्ट ठेवले आणि परत काढले.

२३ जून
आली नाही. शेवटी मीच फोन केला आणि सासूबाई शेवटी काय बोलल्या, ते विचारलं.

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सारखं एकच विचारत होती. जावई आले का?"

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"आलेत म्हटलं. बाहेर बसलेत. तेव्हा कुठे तिने डोळे मिटले."

आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. परत कधी येशील, हे विचारायचं धाडस झालं नाही. तिने फोन ठेवला, आणि मला रडू आवरेना.

सासूबाई माझी चौकशी करत होत्या तेव्हा मी रिगपाशी उभा होतो. चाकाला काहीही झालेलं नव्हतं आणि मी अगदी खुशीत होतो.