धैर्यशीलला फ्लॅट का नाही

मी, महेश संपतराव शेडगे, वय अठ्ठावन्न, धंदा डीजे (आता बंद), राहणार वैशाली, गाझियाबाद, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझा डावा कान पूर्ण गेला आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे. डोकं मात्र जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, दारू पाजलेली नाही, की गोड बोलून लिहायला लावलेलं नाही. गोड बोलणारे माझ्याकडे यायचे थांबले त्याला बराच काळ झाला. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

वकिलांचं म्हणणं होतं की हिंदीत लिहा, इथल्या कोर्टात बरं पडतं. मी मराठीतच लिहितो आहे. माझ्या मुलाला मराठी वाचायला वेळ लागतो. लागू दे. फारच अडलं तर शेजारचे सुधाकरराव, ज्यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमत आहे, ते त्याला वाचून दाखवतील. प्रज्ञाला वाचायला लावू नये.

१. मला दोन अपत्यं आहेत. मुलगा धैर्यशील, गुडगावातल्या एका क्लबचा मॅनेजर. आणि मुलगी प्रज्ञा, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. पत्नी शैला वारली तेव्हा प्रज्ञा शाळेत होती. गावाकडची साताऱ्याची जमीन वडिलांनी हयातीतच चुलतभावांना दिली. ती का दिली हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. डीजे म्हणजे बँडवाल्याचा भाऊ, असं ते शेवटपर्यंत समजत होते.

२. वैशालीचा फ्लॅट माझ्या स्वतःच्या कमाईचा आहे. बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, कंपन्यांबरोबर साहेब आले आणि साहेबांना शनिवारी नाचायला जागा हवी झाली. एका मोठ्या हॉटेलच्या डिस्कोत मी त्यांना नाचवलं आणि त्यातून हे घर झालं. यात कुणाचा एक पैसा नाही. हा संपूर्ण फ्लॅट मी प्रज्ञाला देत आहे. धैर्यशीलला त्यातला एक कोपराही देत नाही. वकील म्हणतात, कारण स्पष्ट लिहा, नाहीतर तो कोर्टात जाईल आणि मुलगी तारखांना खेटे घालत बसेल. कारण सहाव्या कलमात आहे. ते लिहायला बसलो की माझं डोकं फिरतं, म्हणून आधी बाकीचं उरकतो.

३. बँकेत जे असेल ते प्रज्ञाचं. हॉटेलने निरोपाला दिलेलं घड्याळ कुणालाही द्यावं. ते पहिल्या दिवसापासून मागे पडतं.

४. दोन टर्नटेबल, मिक्सर आणि सगळ्या रेकॉर्डी रिंकूला द्याव्यात. रिंकू काही वर्षं माझ्या हाताखाली होता, आता गाझियाबादेत लग्नांना वाजवतो. शिकवलेलं बरंचसं विसरला. पण एकदा एका लग्नात त्याने मला विचारलं होतं, "अंकल, वो कोने वाली आंटी उठना चाहती है, उठ क्यों नहीं रही?" एवढं ज्याला दिसतं त्याला सामान द्यायला हरकत नाही. सामानासोबत माझ्या काही सूचना आहेत. कायद्याने त्याच्यावर बंधन नाही, माझं आहे.

नाचणाऱ्यांकडे बघू नये, ते नाचतच आहेत. बसलेल्यांकडे बघावं. हे मला कुठल्या क्लबने शिकवलं नाही, कॅन्टोन्मेंटमधल्या बडाखान्याने शिकवलं. साहेब आणि जवान एकत्र जेवायचे, जेवणानंतर मी रेकॉर्ड लावायचो, आणि कर्नलसाहेब उठल्याशिवाय एक जवान हलायचा नाही. पण टेबलाखाली बूट हलायचे. कुणाला उठायचंय आणि कुणाला उठता येत नाही, ते पायांवरून कळतं. दिल्लीत चेहऱ्यावर तर मुळीच जाऊ नये. इथे जो तिकीट काढून येतो, तो चेहऱ्यावर 'चल, दाखव काय ते' असं लिहूनच येतो.

फर्माईश घेऊन जो सारखा कन्सोलवर येतो, त्याच्याबरोबर नाचायला कुणी नसतं. त्याला हो म्हणावं आणि त्याचं गाणं लावू नये. फ्लोअर बायकांच्या जिवावर उभा असतो. त्या निर्धास्त असतील तर पुरुष आपोआप येतात. त्या निघाल्या की पुरुष एकमेकांचे खांदे धरून ओरडत बसतात आणि त्याला मालक लोक गर्दी म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फ्लोअर मधूनमधून मुद्दाम रिकामा करता आला पाहिजे. लोक दम खातात, पाणी पितात, नवे लोक आत येतात. भरलेला फ्लोअर कुणीही भरलेला ठेवेल. रिकामा करायला छाती लागते, कारण तेवढा वेळ सगळे तुला गाढव समजतात.

५. माझ्या तेराव्याला लाउडस्पीकर लावू नये. भजनवाले आले तर त्यांनी तोंडाने म्हणावं. धैर्यशीलच्या क्लबकडून हार आला तर परत पाठवावा.

६. आता कारण.

पाच वर्षांपूर्वी गुडगावच्या त्या क्लबात एका कॉलेजची फ्रेशर्स पार्टी होती. अशा पार्ट्या दुपारी असतात. मुली घरी जादा तास आहे म्हणून सांगतात आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचतात. धैर्यशील तेव्हाही तिथे मॅनेजर होता. मला कन्सोलवर त्यानेच लावलं होतं आणि ते तो चारचौघांत सांगायचा. प्रज्ञा त्याच कॉलेजात नवीन होती. ती येणार आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मला ती फ्लोअरवर दिसली.

ती आणि तिच्या मैत्रिणी नाचत होत्या. थोड्या वेळाने वरच्या वर्गातल्या मुलांचं टोळकं आत सरकलं. बाहेरून आलेला म्हणाला असता, पोरं रंगात आली. मी पाय बघत होतो. मुलांचे पाय तालावर नव्हते, ते एकमेकांना लागून गोल धरत होते, आणि मधल्या मुलींचे पाय थांबले होते. असा गोल मी पुष्कळदा पाहिला आहे. बाउन्सर पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. उपाय एकच, गाणं पाडायचं. संथ, जुनं, त्या पोरांना लाज वाटेल असं काहीतरी लावायचं आणि दिवे वाढवायचे. पोरं वैतागून बाजूला होतात, गोल सुटतो आणि मुलींना दारापर्यंत वाट मिळते. मी तेच केलं. पोरांनी शिव्या दिल्या आणि ती पांगायला लागली. प्रज्ञा मैत्रिणींचा हात धरून दाराकडे वळली.

धैर्यशीलला काचेच्या केबिनमधून एवढंच दिसलं की फ्लोअर रिकामा होतोय. तो धावत आला.

"पापा, क्या कर रहे हो यार? पूरा क्राउड उतर गया. हटो."

मी म्हटलं, "थांब जरा, खाली बघ. पाय बघ."

त्याने मला कोपराने बाजूला सारलं, माझं गाणं बंद केलं, लॅपटॉपवरून त्या साली सगळीकडे वाजणारं गाणं सोडलं आणि दिवे घालवले. पोरं ओरडत परत धावली. मुली अजून मध्येच होत्या.

प्रज्ञा बाहेर आली तेव्हा तिच्या कुर्त्याची बाही खांद्यापासून उसवली होती आणि ती भिंतीकडे बघत होती. याहून जास्त मी लिहिणार नाही. बाकीचं तिचं आहे, ते सांगायचं की नाही ते ती ठरवेल.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी फ्लॅटचे सरळ दोन भाग केले असते. फ्लोअर वाचता न येणं हा गुन्हा नाही, दिल्लीतल्या निम्म्या डीजेंना येत नाही. पण त्याने तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. मी दारात उभा होतो.

"देख प्रज्ञा, पुलिस-वुलिस मत कर. क्लबचं नाव जाईल, माझी नोकरी जाईल. आणि लोक तुलाच विचारतील, तू मध्ये गेलीस कशाला?"

ती म्हणाली, "दादा, ती मुलं बाहेरच उभी आहेत. तू त्यांना ओळखतोस."

तो म्हणाला, "इसीलिए तो बोल रहा हूँ."

मी तिला चौकीवर घेऊन गेलो. क्लबातला एकही माणूस साक्षीला उभा राहिला नाही, मॅनेजर तर नाहीच. तक्रार तिथेच विझली. त्या पोरांच्या पार्ट्या पुढेही त्याच क्लबात होत राहिल्या. मला त्या दुपारनंतर कन्सोलवर घेतलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. मुलाचं वाटतं. रोज वाटतं.

मागच्या महिन्यात तो फ्लॅटची चौकशी करायला आला. चहा घेतला आणि निघताना म्हणाला, "पापा, एक बात बताओ. उस दिन आप बजा किसके लिए रहे थे? फ्लोर पर तो कोई बचा ही नहीं था." मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिऱ्याला ती एक सोय असते. उत्तर इथे देतो. ज्या बाहेर जात होत्या त्यांच्यासाठी वाजवत होतो.

७. प्रज्ञाचं म्हणणं आहे, "पापा, दादाला अर्धा देऊन टाका, झगडा नको." मी देत नाही. माझ्या पश्चात तिला द्यावासा वाटला तर तिला कोणी अडवू नये. पण धैर्यशील, हे नीट वाच. तू तिच्याकडे या घराचा विषय काढायचा नाहीस, नातेवाइकांना पाठवायचं नाहीस, आणि तिला समजवायचं तर मुळीच नाहीस. तू त्या दुपारी तिला एकदा समजावलंस, आणि ती आजतागायत सगळ्यांना समजूनच घेते आहे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द खोडायचा नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

महेश संपतराव शेडगे (सही)

साक्षीदार:
१. दिनकर विठोबा मोहिते, निवृत्त हवालदार, दिल्ली कॅन्टोन्मेंट (सही)
२. कुमुदिनी अरविंद साने, शिक्षिका, पहाडगंज (सही)

ठिकाण: वैशाली, गाझियाबाद
दिनांक: १७ ऑक्टोबर २०११