आईच्या डब्याचं झाकण

लाडक्या धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, फक्त चिडलेय.

या जुन्या शहराच्या भांडेबाजारात आईचा पितळी डबा घेऊन सकाळभर फिरले. जो तो म्हणे, “आजी, नवाच घ्या.” आजी कोणाची? शेवटी एका कारागिराला शाळेतल्या सिस्टरांच्या आवाजात खडसावलं, “झाकण घडवता येत नसेल तर पाटी उतरवा!” तो हसला आणि ठोकायला बसला. दुपारी झाकण असं चपखल बसलं की मी भर बाजारात टाळ्या वाजवल्या.

गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

आणि ऐक, जुनं झाकण विहिरीत मी पाडलं होतं. मार तू खाल्लास, मी गप्प राहिले. डबा आता तुझ्याकडे राहील. हवं तितकं रागाव, फक्त झाकण फेकून मारू नकोस.

तुझी अपराधी,
ताई