दसऱ्याला घेतलेली चाचणी

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी माझा राग जागचा हललेला नाही. आपल्या गावच्या राजघाटावर नदीत तुमची राख सोडली तेव्हाही मी रडले नव्हते. मला आठवते ती आपली पॉवरलूमची शेड. मी सात वर्षांची आहे, हातात तुमचा डबा आहे, बारा माग खडखडताहेत, आणि "जेवून घ्या" एवढं सांगायला मला घसा फाडावा लागतो. "जोरात बोल नं, तोंडात जीभ नाही का?" हळू बोलणारं माणूस तुमच्या लेखी माणूसच नव्हतं.

म्हणूनच असेल, मी हळू बोलूनही ऐकू जाईल असं काम धरलं. बिनतारी संदेशाचा प्रत्येक अंश एका ठरलेल्या संकेताने बारीक तुकड्यांत फोडायचा आणि रेडिओलहरींच्या रुंद पट्ट्यावर पसरून द्यायचा. ज्याच्याजवळ तोच संकेत असतो, तो गोंगाटातूनही ते तुकडे गोळा करतो. संकेत लांब असला की संदेश टिकतो, पण वेग मंदावतो. रेडिओ आणि संगणक एकाच चिपवर बसवायची चढाओढ होती तेव्हा, सगळ्यांना वेग हवा होता. मीही संकेत आखूड केला आणि चाचणीला आपलीच शेड निवडली, कारण मला तुम्हाला दाखवायचं होतं. सुट्टी मिळाली दसऱ्याची. माग बंद, त्यांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. मागावर बसवलेल्या माझ्या यंत्राचा संदेश तुमच्या ऑफिसातल्या संगणकावर न अडखळता पोहोचला. तुम्ही आपट्याची पानं वाटत होतात. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "बंद मागात तर कोणीबी बोलून घेतं, बेटी. चालू मागात बोलून दाखव, मंग मानतो." नेहमीचा टोमणा म्हणून मी तो सोडून दिला आणि दसऱ्याच्या चाचणीचेच आकडे माझ्या कंपनीत नेले.

महिन्याभराने माझे साहेब आणि गावातले मागवाले शेडमध्ये उभे होते. माग सुरू झाले. हलत्या लोखंडावरून संदेश उलटसुलट परतू लागला, मोटारींचा खरखराट त्यात मिसळला, आणि पडदा कोराच राहिला. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. "हिच्या मशीनलाबी जीभ नाही." ते काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं गेलं. सांत्वनाचा एक शब्द तुम्ही बोलला नाहीत, मरेपर्यंत नाही.

पुढे मी गोंगाट वाढला की आपणहून लांब संकेतावर जाणारी रचना केली. ती आज कितीतरी शेडमध्ये चालते, पण त्याचं श्रेय मी तुम्हाला देणार नाही. त्या हसण्याची माफीही नाही. हा कागद कपाटातच राहील. फक्त एक गोष्ट. अण्णांनी मला आधी सावध केलं नाही, असं मी आईला सांगितलं, साहेबांना सांगितलं. बोलले असतील तर मागांच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असंही म्हणाले. पण त्या दसऱ्याला माग बंद होते. मला तुमचा शब्द न् शब्द ऐकू आला होता.