भाकरीची जाड कड

सोमवार, दिवेलागण

आधी टपकली शेजारची कमल, तिच्या मागनं शाळंतल्या नव्या बाई. भागाकार सारखे चुकतेत म्हणून आमची नात शीतल शाळाच सोडते म्हणत होती. मला वाटलं, बाई रागावतील. तर वही बघून म्हणल्या, "शीतल, इथपर्यंत बरोबर आहे गं. फक्त ही वजाबाकी परत कर." केली की पोरीनं! लई हरखले मी.

माझी आई अशीच. भाकरीच्या कडंवर अंगठा फिरवून म्हणायची, "मधी झ्याक झाली, हितं जाड ऱ्हायली." तेवढंच. तो अंगठा अजून दिसतो मला.

हे सांगितलं तर कमल म्हणती, "मावशी, तुमची भाकर अजून जाडच हाय!" मेली!

शीतलनं आपणहून दप्तर भरलं. बाई नि कमल गुरवारी परत येतो म्हणल्यात.